भिंतीपलीकडचा माणूस

दिवेवालीच्या घरातून "जातो" म्हणून कुणालाही बाहेर पडता येत नसे. कुणी तसा पडलाच, तर ती त्याला उंबऱ्यावरून मागं बोलवायची आणि "येतो" म्हणायला लावायची. यातून दूधवाला सुटला नाही, मीटर बघायला येणारा सुटला नाही. एकदा तर मतं मागायला आलेल्या उमेदवाराला तिनं फाटकापासून परत आणलं होतं. "जातो काय म्हणता? येतो म्हणा!" तो बिचारा हात जोडून "येतो" म्हणाला, आणि निवडून आल्यावर अर्थातच फिरकला नाही. लोक हसायचे, पण तिच्या माघारी. तिचं हे खूळ कुठून आलं ते सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं.

ते आलं होतं एका सकाळी. तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि लेक पोटात होता. ती कणकेत हात घालून बसली होती. दिवसपाळीला निघालेला नवरा उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "जातो गं." जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या माणसानं येतो म्हणायचं असतं, हे खाणीच्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही कळतं. जीभ घसरली असेल, असं तिला वाटलं. "येतो म्हणा" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मळमळत होतं, हात बरबटले होते, आणि संध्याकाळी आल्यावर बघू म्हणून ती गप्प बसली. दुपारी भोंगा वाजला आणि तो थांबेचना.

खाण तशी छोटीच होती. टेकडीच्या कुशीतून तिरपा उतरत जाणारा एक बोगदा, त्याला फुटलेले फाटे, आणि टेकडीच्या माथ्यालगत झुडपांत उघडणारी हवेची विहीर. त्या दिवशी शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साचलेलं पाणी भिंत फोडून आत घुसलं. तिघं सोडून बाकी सगळे बाहेर आले. त्या तिघांत दिवेवालीचा नवरा होता. पंप लावले, हवेच्या विहिरीत वरून हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. पुढं विषारी वायू सुटला तेव्हा व्यवस्थापनानं त्या भागाच्या तोंडावर विटांची भिंत बांधून टाकली. फाटकापाशी एक दगड उभा केला, त्यावर तीन नावं कोरली, आणि तिला दिवेघरात नोकरी दिली.

दिवेघर म्हणजे पाळीवर निघालेल्यांना टोपीवरचे दिवे द्यायचे, परत आलेले पुसून विजेला लावून ठेवायचे. हे काम तिनं असं केलं, की तिचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं. तिच्या खिडकीपाशी दिवा घेणारा प्रत्येक माणूस "येतो दिवेवाली" म्हणायचा, नाही म्हटलं तर ती दिवा सोडायचीच नाही. मोठमोठे मिशीवाले गडी तिच्यापुढं पोरासारखे उभे राहत. पुढं कोळसा संपला. मालकानं यंत्रं उचलून नेली आणि भोक, काळा ढिगारा आणि फाटक तेवढं मागं ठेवलं. फाटकाची किल्ली दिवेवालीकडं आली. ती रोज सकाळी केरसुणी घेऊन त्या भिंतीपर्यंत उतरायची. भिंत फार आत नव्हती, दिवसाचा उजेड तिथवर पोचायचा. झाडता झाडता ती नवऱ्याला घरचं सगळं सांगायची. लेकाला गोवर आला, लेक गणितात आपटला, लेकाला डंपर चालवता येतो. भिंतीला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि रोज शेवटी एकच बोलणं असे. "माझं चुकलं हो. त्या सकाळी मी तुम्हाला टोकायला हवं होतं."

तिच्या मनात दुसरा एक काटा होता, तो मात्र ती भिंतीला सांगत नसे. तो होता निळ्या शर्टाचा.

लग्नातला तो शर्ट. तिनं स्वतःच्या हातानं शिवलेल्या उशीच्या अभ्र्यात तो जपून ठेवलेला होता. अभ्र्यावर हिरव्या दोऱ्यानं पोपट काढला होता. तिची नणंद, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, शेजारच्याच खोल्यांत राहायची. पोपट बघून तिनं सगळ्या बायकांदेखत विचारलं होतं, "वहिनी, कोंबडी बरी जमलीय, पण अंडं कुठंय?" अपघातानंतर काही दिवसांनी दिवेवालीनं ट्रंक उघडली, नवऱ्याचा वास तरी घेऊ म्हणून, तर शर्ट नाही आणि अभ्राही नाही. घरात वन्संशिवाय येतंय कोण? तिनं आकाशपाताळ एक केलं. वन्संच्या घरात शिरून त्यांची ट्रंक जमिनीवर पालथी केली. शर्ट मिळाला नाही, नातं मात्र संपलं. तेव्हापासून दोघी नळावर शेजारीशेजारी उभ्या राहायच्या आणि एकमेकींशी न बोलता बादल्यांशी बोलायच्या. "बादलीबाई, काही लोकांना मेलेल्या माणसाचा कपडाही पुरत नाही हो!" पलीकडून उत्तर यायचं, "कळशे, काही लोकांचे डोळे फुटलेत, पोपट आणि कोंबडीतला फरकही त्यांना दिसत नाही!" बादल्या भरायच्या, दोघी घरी जायच्या. असं करता करता दोघींचे केस पांढरे झाले.

मग एक दिवस वसाहतीतल्या एका घरामागची जमीन खचली आणि उभी सायकल गिळून बसली. सायकल गेल्यावर सरकार जागं झालं. खाण कायमची बंद करायचं ठरलं. पोकळीत राख आणि वाळूचं पातळ मिश्रण ओतून ती भरून काढायची, बोगद्याला आणि विहिरीला काँक्रीटचं झाकण घालायचं, ढिगारा उतरता करून त्यावर माती पसरायची आणि झाडं लावायची. या कामावर एक इंजिनीयरबाई आल्या. केस कापलेल्या, पायात गमबूट, बोलणं मऊ. लेकाचा डंपर कामावर लागला. दिवेवालीनं बाईंपुढं किल्ली ठेवली आणि म्हणाली, "फाटक उघडते. पण भरायच्या आधी आमची माणसं बाहेर काढा. मला ह्यांचं काहीतरी हातात द्या. हाड द्या, बूट द्या, काहीही चालेल."

बाई म्हणाल्या, "भिंत तर फोडावीच लागणार आहे. मी शब्द देते."

भिंत फोडली त्या दिवशी दिवेवाली बोगद्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली. पाठीला हवेच्या टाक्या लावलेली बचावपथकाची माणसं आत गेली. दुपारपर्यंत त्यांनी दोघांना बाहेर आणलं. छत कोसळलं होतं त्याच्याखाली ते दोघं शेजारीशेजारी सापडले. त्यांच्या घरची माणसं आली, रडली, आणि रडून झाल्यावर त्यांच्या तोंडावर एक प्रकारचा आराम आला. दिवेवालीला त्यांचा हेवा वाटला. हाडांचा हेवा वाटावा असं आपलं आयुष्य, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिसरा माणूस काही सापडत नव्हता.

संध्याकाळी एकानं लोखंडी पेटी आणून तिच्यापुढं ठेवली. खाणीत हत्यारं ठेवायची असते तसली. ती हवेच्या विहिरीच्या तळाशी, कोरड्या कपारीत मिळाली होती. झाकणावर नवऱ्याचा बिल्ला तारेनं बांधलेला होता. इंजिनीयरबाई गुडघ्यांवर बसल्या, लेक मागं उभा राहिला, आणि बाईंनी झाकण उचकटलं.

आत कामाचे कपडे होते. पँट, सदरा. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, बाह्या आत घेतलेल्या, घडी अशी की हातात धरली तरी मोडणार नाही. ही घडी ती झोपेतसुद्धा ओळखू शकली असती. "तुम्हाला आईनं धोब्याकडं द्यायचं होतं," असं ती नवी नवरी असताना चिडवायची. घडीवर दिवा ठेवला होता, वायर नीट गुंडाळून. आणि कपड्यांच्या खाली, पेटीच्या तळाशी अंथरल्यासारखा, उशीचा अभ्रा होता. पिवळा पडलेला. त्यावर हिरवा पोपट, कोंबडीसारखा.

अभ्रा रिकामा होता.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. खाणीवर राहणाऱ्या माणसाला त्यात नवल नाही, तिथली जमीन सरकतच असते. पण आपण खुर्चीत बसल्या जागी खाली जातोय असं दिवेवालीला वाटलं, आणि तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. कुणीतरी पाणी दिलं, ते तिच्या हनुवटीवरून ओघळलं. समोर बाईंचे ओठ हलत होते.

"ओळखीचं आहे का हे?" बाई तिसऱ्यांदा विचारत होत्या.

"माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मनानं चांगली बाई. म्हणाल्या, "मावशी, मला असं वाटतं, पाणी भरलं तेव्हा ते विहिरीपर्यंत पोचले. भिजलेले कपडे काढून चढायचा प्रयत्न केला असणार. विहिरीच्या पायऱ्या मधेच तुटल्यात. तिथून पडले असतील, आणि पाण्यानं खाली ओढून नेलं असेल. तिथं अजून पाणी साचलंय. शेवटपर्यंत घरी यायची धडपड केली त्यांनी."

हे ऐकलं आणि लेक ओक्साबोक्शी रडला. एवढा थोराड गडी, डंपरचं चाक एकटा बदलणारा. "घरी येत होते, आई," तो म्हणाला. "आपल्याकडं येत होते." बाप दगडावरच्या नावापलीकडं त्याला कधी मिळालाच नव्हता. आज पहिल्यांदा मिळाला, आणि तोही घरी यायला निघालेला. दिवेवाली पेटीतल्या घडीकडं बघत होती.

भिजलेला सदरा कुणी बटणं लावून घडी करत नाही. आणि लग्नातला शर्ट घेऊन कुणी कोळसा खणायला जात नाही.

बाई म्हणाल्या, उद्या भराव सुरू करू, खालच्या टोकाचं छत भरवशाचं नाही, तिथं मी माणूस पाठवणार नाही. लेकानं डोळे पुसले, डंपर नेला आणि राखेच्या गाड्या येतात त्या रस्त्यावर आडवा लावला. "बापाला काढल्याशिवाय आत चिमूटभर राख जाऊ देणार नाही," म्हणाला. "कुणी उतरत नसेल तर मी उतरतो. माझा बाप आहे." बाईंनी समजावलं, दटावलं, हात टेकले. शेवटी पथकातले दोघं त्याला सोबत न्यायला तयार झाले. सकाळी एकदा, फक्त पाण्याच्या काठापर्यंत. लेकानं त्यांचे हात धरून आभार मानले. दिवेवाली हे सगळं बघत होती आणि तिला काही सुचत नव्हतं. सुन्न म्हणतात ते हेच असावं, डोकं आपलं पण आत कुणी राहत नाही.

अभ्रा घेऊन ती घरी गेली नाही. वन्संच्या दारात गेली. दिवेलागणीची वेळ होती, वन्सं तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि सवयीनं ताटाला म्हणाल्या, "ताटा, आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा?"

दिवेवालीनं अभ्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. वन्संनी चष्मा सारखा केला. पोपटावरून बोट फिरवलं. मग अभ्र्यात हात घातला, पार कोपऱ्यापर्यंत, आणि रिकामा बाहेर काढला.

"कुठं मिळाला?" हे त्यांनी ताटाला नाही, हिला विचारलं.

"विहिरीच्या तळाशी. कामाचे कपडे घडी करून ठेवलेत. शर्ट नाही."

वन्संच्या मांडीवरचं ताट घसरलं, तांदूळ सगळीकडं झाले. तिकडं दोघींनीही पाहिलं नाही.

"म्हणजे आत..."

"आत कुणी नाही, वन्सं. तो गेला."

इतक्या वर्षांत नवऱ्याला तिनं कधी एकेरी म्हटलं नव्हतं. भिंतीलासुद्धा "अहो" म्हणत आली होती. वन्संच्या ते लक्षात आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "पाणी घुसलं म्हणून घाबरून..."

"शर्ट सकाळीच नेला होता. तेव्हा पाणी कुठं होतं? तो जाणारच होता. पाण्यानं फक्त मागचं दार लावून घेतलं." तिला धाप लागली होती. "आणि वन्सं, सांगून गेला हो! दारात उभा राहून सांगितलं मला. जातो म्हणाला. माझा विश्वासच बसत नाही. मला वाटलं, बोलायला चुकला. जन्मभर मी लोकांची बोलणी दुरुस्त करत बसले. आणि तो एकटाच काय ते बरोबर बोलला होता."

वन्संनी डोळे उघडले. मग एकदम म्हणाल्या, "माझा भाऊ जिवंत असेल कुठंतरी, याचा मला आनंद झाला पाहिजे. होत नाहीये." आणि पदरात तोंड लपवलं.

"मी तुमची ट्रंक उपसली होती," दिवेवाली म्हणाली.

"उपसलीस. वर माझ्या नव्या साडीवर पाय दिलास."

"दिला."

"जाऊ दे," वन्सं म्हणाल्या, आणि त्या शब्दाला दोघी दचकल्या. थोड्या वेळानं वन्संनी विचारलं, "पोराला सांगणार?"

"कसं सांगू? आज त्याला बाप मिळाला."

"आणि उद्या त्या बापापायी तो खाली गेला आणि छत बसलं तर?" वन्सं तिच्याकडं रोखून बघत म्हणाल्या. "तिथं नसलेल्या माणसाला शोधायला पोर पाठवतेस का, वहिनी?"

सकाळी बोगद्याच्या तोंडाशी लेक तयार होता. टोपी, टोपीवर दिवा, कमरेला दोर. पथकातले दोघं पुढं निघाले होते. लेक आईच्या पाया पडला आणि लहानपणापासून शिकवलं होतं तसं म्हणाला, "येतो गं आई."

"थांब," ती म्हणाली. "उतरू नकोस. तो खाली नाही."

"कोण?"

"तुझा बाप." तिनं पदराआडून अभ्रा काढला. "यात त्याचा लग्नातला शर्ट होता. सकाळी निघताना सोबत नेला होता. खाली कपडे बदलले आणि विहिरीतून वर चढून गेला. पायऱ्या तेव्हा धड होत्या. तो घरी येत नव्हता, राजा. घरातून चालला होता."

लेकानं अभ्र्याकडं बघितलं. त्याच्या टोपीवरचा दिवा भर उजेडात चालूच होता, आणि त्याचा डाग तिच्या छातीवर थरथरत होता. "शर्टावरून तू हे म्हणतेस?"

"त्यानं मला सांगितलं होतं. मी चुकीचं ऐकलं."

तो तिथंच खाली बसला. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. पथकातले दोघं उगाच दोराशी चाळा करत उभे राहिले. मग त्यानं विचारलं, "मी होणार हे माहीत होतं त्याला?"

खोटं बोलायची ही एकच वेळ होती, आणि खोटं सुचलंही होतं.

"होतं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. टोपी काढली, दिवा बंद केला आणि दिवेघरात द्यावा तसा तिच्या हातात दिला. मग चालत जाऊन रस्त्यात आडवा लावलेला डंपर त्यानं सरळ केला.

इंजिनीयरबाईंना तिनं एवढंच सांगितलं की खाली शोधायचं कुणी राहिलेलं नाही. बाई समजायचं ते समजल्या. थोडं अडखळत त्यांनी विचारलं, "मग फाटकापाशी दगडावर नाव आहे, त्याचं काय करायचं?"

"राहू द्या," दिवेवाली म्हणाली. "त्या दिवशी तिघं गेले, हे काही खोटं नाही."

भराव हवेच्या विहिरीपासून सुरू करायचा होता. झुडपं तोडून वाट केली होती, विहिरीवरची जाळी काढून बाजूला ठेवली होती. लेकानं राखेनं भरलेला डंपर मागं घेत घेत आणून काठाशी उभा केला आणि तो खिडकीतून आईच्या इशाऱ्याची वाट बघू लागला. वन्सं थोड्या अंतरावर उभ्या होत्या. दिवेवाली काठाशी गेली. वरच्या पायऱ्या दिसत होत्या, गंजून लाल झालेल्या. इथून तो वर आला असणार, निळ्या शर्टात, हात झटकत. इथून वसाहतीची छपरं स्पष्ट दिसतात. त्यांतलं एक तिचं. त्याच्याखाली तेव्हा ती कणीक मळून, पोळ्या करून, वाट बघत बसली होती. ते छप्पर त्यानं बघितलं असणार, आणि तरीही तो पलीकडं उतरला.

त्या सकाळी त्यानं निरोप घेतला होता, आणि तिनं अजून तो दिला नव्हता.

ती वाकली. "जा," त्या अंधारात ती म्हणाली. मग मागं सरकली आणि लेकाला हात केला, ओत म्हणून.